पटाच्या दिवशीची परीक्षा

गाडीची वाट पाहणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि मेली नोकरी लागली ती कुठे, तर सिहोऱ्यापासून तीन कोस आत, धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या, एका गावात, जिथे एसटी दिवसातून दोनदा फाट्यावर यायची, तीही आपल्या मर्जीने. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळा चौथीपर्यंत, खोली एक, शिक्षक एक, म्हणजे मीच. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवायचं, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन, आणि तेवढ्यात चौथीचं गणित उरकायचं. पहिलीतलं एखादं पोट्टं उठून "बाई, यानं मले चिमटा घेतला" म्हणालं की चौथीचा भागाकार तिथेच लटकला. संध्याकाळी घसा बसलेला, डोकं तापलेलं, आणि तरी जिवाला टोचणी, की आज काही शिकवलंच नाही.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. फळ्यावर उदाहरण लिहून मी हात झटकते न झटकते तो हिचं उत्तर तयार. बोलायची कमी. विचारलं तर सांगणार, नाही तर खिडकीतून तलावाकडे पाहत बसणार. आमच्याकडे पोरी चौथी झाल्या की शाळा संपायची आणि धानाची रोवणी सुरू व्हायची; जूनपर्यंत पाटी, जुलैत चिखल. मी ठरवलं, हिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं. पास झाली तर भंडाऱ्याला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळण्यासारखी होती. नाही झाली तर हिचीही रोवणी ठरलेली. दिवाळीपासून शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेऊ लागले, आणि मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना.

तिच्या बापाला विचारायला गेले तेव्हा तो अंगणात बैल चोळत होता. त्याची पटाची, म्हणजे शर्यतीची, जोडी पंचक्रोशीत गाजलेली. शेत बरं होतं, पण माणसाचा जीव त्या दोन बैलांत आणि या एका पोरीत. हातातलं काम न थांबवता त्याने विचारलं, "किती जण राहतात बाई, ह्या परीक्षेत?"

"अख्ख्या जिल्ह्यातले."

"अन् त्याइच्यात आमची पोट्टी पुढं निंगते म्हणता?"

"निघेल."

माणूस एकदम खुलला. "मंग जाऊ द्या ना, बापा! कायले इचारता?"

मी पुढचंही सगळं सांगितलं, पुढील शिक्षणाची सोय होईल, निवासाची व्यवस्था होईल, असं अगदी शाळामास्तरणीच्या भाषेत. तो मान डोलावत होता आणि बैलाच्या खांद्यावर तेल जिरवत होता.

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सिहोऱ्याला. आणि नेमका त्याच दिवशी, उलट्या दिशेला दोन गावं सोडून, शंकरपट. आमच्या भागात बैलांची शर्यत म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लेकी माहेरी येतात, जावई येतात, दुकानं लागतात, आणि माणसाचं डोकं चार दिवस जागेवर राहत नाही. आदल्या दिवशी बाप म्हणाला, "बाई, मी तं पटाले चाललो. पोरगी तुमच्या भरोशावर. गाडी हायच सकाळची." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी मी आणि ती फाट्यावर येऊन उभ्या राहिलो. तिच्या वेण्या इतक्या घट्ट बांधलेल्या की भुवया वर ओढल्या गेलेल्या. हातात पुठ्ठा, दौत नको म्हणून दोन शिसपेन्सिली. गाडीची वेळ झाली. गाडीची वेळ गेली. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन लांबवर पाहून येई, परत येई, पुन्हा जाई. समोरून बैलगाड्यांची रांग, सगळ्या पटाकडे, बायापोरं नटलेली, एकही गाडी सिहोऱ्याकडे तोंड करून नाही. शेवटी सायकलवाल्या एका माणसाने पाय टेकला.

"कायले उभ्या आहा बाई? गाडी नाई ये आज. थे पटाले लावली."

"पटाला लावली म्हणजे?"

"जत्रेची गाडी केली ना तिले! लोकं किती चालले पाहून नाई राहिल्या का?"

असा संताप आला म्हणता! एसटीचा, पटाचा, त्या सायकलवाल्याचा, सगळ्या जिल्ह्याचा. अकराला पेपर सुरू, आणि त्यानंतर दारातून आत घेत नाहीत, हे पत्रकात ठळक छापलेलं. पायी तीन कोस ही पोर चालेल, पण पोचेल केव्हा? आणि पोचून धापा टाकत गणितं काय सोडवेल? मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाई, मंग आपुन पटाले जाऊ का?" आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि रडूही आलं.

तेवढ्यात तिच्या बापाची रेंगी आली. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी. जोडीला घुंगरं, शिंगांना रंग, मागे बैलांसाठी तणसाचा भारा, आणि शेजारी त्याचा साळा, बायकोचा भाऊ, डोक्यावर नवा फेटा. मी पुढचामागचा विचार न करता रस्त्याच्या मध्ये हात पसरून उभी राहिले. ते बैल म्हणजे नुसती आग. फुरफुरत माझ्या अंगावरच आले. बापाने कासरा ओढला म्हणून वाचले.

"अवो बाई! मरता का?"

"गाडी नाही आली! एसटी तुमच्या पटाला लावली! आता पोरीचं काय करू मी? सांगा!"

साळा म्हणाला, "राहू द्या ना बाई. पुढच्या वर्षी देईल परीक्षा."

"पुढच्या वर्षी ही चौथीत असेल का? अक्कल आहे का काही!" मी पाव्हण्यावर असं ओरडले की मागच्या गाड्या थांबल्या. बायका डोकावू लागल्या. साळा बापाकडे वळला, "दाजी, आपलं नाव लागलं हाय. जोडी नाई दिसली तं तोंड दाखवाले जागा नाई राहात."

बाप माझ्याकडे पाहत होता. "बाई, तुमची सुटाची येळ कोणती?"

"अकरा."

"अन् मांगून गेलं तं?"

"घेत नाहीत आत."

"म्हणजे आमच्यासारखंच," तो म्हणाला. मग साळ्याला म्हणाला, "उतर."

"दाजी..."

"उतर म्हणतो ना!"

नवा फेटा रस्त्यावर उतरला. भारा उतरला. पोरगी पुढे बापाजवळ चढून बसली, मी मागे. आणि त्याने रेंगी फिरवली.

देवा रे! मी तोवर बैलगाडीत पुष्कळ बसले होते. ही गाडी नव्हतीच. शर्यतीची जोडी ती, तिला हळू कसं चालायचं ते कोणी शिकवलंच नव्हतं. समोरून येणाऱ्या गाड्या बांधीत उतरत होत्या, माणसं ओरडत होती, "अगा, पट तिकडं हाय! तिकडं!" माझा अंबाडा सुटला. एक चप्पल उडून गेली, पण थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही. इतक्या दणक्यांतही मला राहवेना, मी दोन्ही हातांनी रेंगीचे काठ धरून ओरडले, "सांग, एका तलावाचं पाणी..."

"बाई," बाप मागे न वळता म्हणाला, "पट सुटाच्या आंधी बैलाले तुतारीची आर टोचत नसतेत. गप बसू द्या तिले."

पोरगी हसत होती.

सिहोऱ्याच्या शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. दारातले गृहस्थ घड्याळ दाखवू लागले. मी एका पायात चप्पल, केस मोकळे, अंगभर धूळ, त्यांना म्हटलं, "आधी पोरीला आत सोडा, मग माझ्याशी काय भांडायचं ते दिवसभर भांडा." त्यांनी मागे पाहिलं. तोंडातून फेस गाळणारी रंगीत शिंगांची जोडी फाटकाशी उभी होती. काय वाटलं त्यांना कोण जाणे, बाजूला झाले.

मग पेपर संपायची वाट पाहणं. मी शाळेभोवती फेऱ्या मारत होते. खिडकीतून दिसते का पाहत होते, चपराशाने हाकललं. बाप चिंचेखाली बैलांना पाणी पाजून, फडक्याने त्यांचं अंग पुसत बसला होता. उन्हाकडे पाहून म्हणाला, "आता नंबर आला असता आमचा."

"माझ्यामुळे तुमचा पट गेला," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटत होतं.

"असू द्या. पट काय, पुढच्या साली हायच." मग थोड्या वेळाने, "बाई, हे निंगली पुढं, तं भेटते काय?"

मला कोणीतरी विचारायचीच खोटी होती! मी खाली बसले आणि भडाभडा सांगत सुटले. महिन्याला शिष्यवृत्ती मिळेल, भंडाऱ्याला वसतिगृहात राहील, पाचवी तिथेच, मॅट्रिक तिथेच, पुढे माझ्यासारखी मास्तरीण होईल, कदाचित माझ्याहून मोठी. गावात बसून रोवणी करण्यापेक्षा...

त्याचा हात थांबला होता. "भंडाऱ्याले राहते?"

"हो."

"कोणाजवळ?"

"वसतिगृहात. मुली असतात ना पुष्कळ. दिवाळीला येईल, उन्हाळ्यात येईल."

तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, पटात जिंकली जोडी सांजच्याले घरी येते," तो म्हणाला.

दिवाळीत या माणसाला मी हेच सांगितलं होतं आणि त्याला ते पोचलंच नव्हतं. पोरगी पुढे निघणार, हार घालून घरी येणार, एवढंच त्याला कळलं होतं, आणि त्यासाठी त्याने आपले बैल ऊर फुटेस्तोवर पळवले होते.

"नाही म्हणायचं असेल तर..." मी म्हटलं. पुढचं वाक्य मला बोलायचंच नव्हतं.

त्याने डोळे फडक्याने पुसले, ज्याने बैल पुसत होता त्याच.

घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात ती, एक वेणी सुटलेली, बोटं शिसाने काळी. "बाई, येक बी गणित नाई सोडलं! सगळे केले!" मी तिला उचललंच. मला इतका आनंद झाला होता, आणि तिच्या बापाकडे पाहायची हिंमत होत नव्हती.

तोच पुढे आला. "पुढं निंगशीन का?"

"निंगीन ना, बाबा!"

"निंग," तो म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग बैल जुंपले.

परत जाताना बैल पळायला ओढ घेत होते. घरची वाट होती. तो कासरा दोन्ही हातांनी घट्ट ओढून त्यांना पावलापावलाने चालवत होता. मागून येणाऱ्या रिकाम्या खासरा, साध्या बैलगाड्या, आम्हाला मागे टाकून जात होत्या. पोरगी त्याच्या मांडीला टेकून बसली होती. तिला काही ते सहन होईना. "बाबा, पळवा ना! सकाळी कसे पळवले!"

"काहून?" तो म्हणाला. "आता कायची घाई हाय, माय?"