हालचाल चांगली

लोहाच्या गोळ्यांचं पाकीट फोडलं की तो गंजका वास येतो आणि मी पुन्हा मोताळ्याजवळच्या त्या आरोग्य उपकेंद्राच्या बाकावर जाऊन बसते. मला आठवा लागला होता, कापूस वेचणीचे दिवस होते आणि सासूला शेतात जायची घाई होती. नर्सबाईंनी हात माझ्या पोटावर ठेवला आणि विचारलं सासूला, "मावशी, लेकरू फिरते ना पोटात?" आमच्याकडे सुनेचं सगळं सासूच सांगायची. "हाव, मस्त फिरते," सासू म्हणाली. मी कशीबशी बोलले, "कालपासून नाही फिरून राह्यलं." "तुले इचारलं का?" नर्सबाई खेकसल्या, बाकावरच्या बाया फिदीफिदी हसल्या, आणि बाईंनी कार्डावर लिहून टाकलं, हालचाल चांगली. तिसऱ्या दिवशी त्याच उपकेंद्रात मूल झालं, ते रडलंच नाही. कार्ड उलटसुलट करत नर्सबाई मलाच म्हणाल्या, "मंग त्या दिवशी काऊन नाही बोलली वं?" आता मी स्वतःच गावची आशाताई आहे, गरोदर बायांना त्या गोळ्या मीच वाटते. काल एका पहिलटकरणीला तपासणीला नेलं. ती काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, आणि मी तिच्या सासूकडे बघून विचारलं, "मावशी, फिरते ना लेकरू?"