मावशीच्या म्हशीचा चीक
म्हशीच्या कच्च्या चिकाचा वास आला की नांदेडची प्रयोगशाळा आठवते. हदगावच्या मावशीनं रेडकाच्या वाट्यातला डबाभर चीक मला दिला होता, "घे माय, औषध निघतंय म्हन की!" त्यातलं प्रथिन बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून वेगळं करायचं होतं. चहा गाळायच्या सवयीनं मी खाली आलेलं नितळ पाणी जपून ठेवलं आणि पडद्यावर अडलेला दाट भाग बेसिनमध्ये ओतला. प्रथिन त्यातच होतं. मावशीनं विचारलं, "झालं का गं औषध?" मी म्हणाले, "हाव, लई चांगलं झालं." प्रयोगशाळा सोडून मला कित्येक वर्षं झाली. आज न मागता मावशीचा चिकाचा डबा आला, सोबत निरोप, "रेडकाला जरा कमीच पाजलं, तुझ्या औषधाला कमी नको पडाया."