येलदरीचा बगळा आणि एकच सरळ कागद

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात कधी अंगारासुद्धा आला नाही. त्यात मी सोनपेठला वाचनालय सांभाळलेली बाई... तरीही हे लिहिते आहे, चार दिवसांपासून, हळूहळू.

माझे पती चित्रकलेचे शिक्षक. जपानी ठसेचित्रांचं त्यांना वेड — लाकडात कोरून कागदावर छापलेला पाऊस, पक्षी, आणि कोपऱ्यात कविता. एका सुट्टीत त्यांनी सागाच्या फळीवर येलदरी धरणाच्या पाण्यातला बगळा कोरला, शेजारी स्वतःची तीन ओळींची कविता. पण ठशावर अक्षरं उलटी कोरायची असतात, हे नेमके सरच विसरले! कागदावर कविता आरशातल्यासारखी उलटी उमटली. मी पोट धरून हसले. त्यांनी फळी माळ्यावर टाकली आणि पुन्हा कधीच काही कोरलं नाही. त्या हसण्याची माफी मागायची राहून गेली.

गेल्या महिन्यात ते गेले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, येणाऱ्यांना त्यांची कविता द्यावी असं वाटलं, म्हणून फळी खाली काढली. माझ्या नणंदबाई, आमच्या ताई, मदतीला बसल्या.

"वैनी, उलटंच येणार की हे."

"येऊ द्या."

"येऊ द्या काय? लोक म्हणतील, दादा जपानी शिकायलता का काय!"

मी शाई लावली, कागद ठेवला, वाटीच्या बुडानं घासला, उचलला... कविता सरळ!

पाणी उतरलं,
बगळा उभाच —
मासा म्हणतो, या की आत!

ताईंनी फळी पाहिली, कागद पाहिला, पुन्हा फळी पाहिली. फळीवरही अक्षरं पूर्वीसारखी सरळच होती.

"वैनी, तुमी काय केलं?"

"तुमच्यासमोरच तर केलं."

पुढचे एकोणचाळीस कागद नेहमीसारखे उलटे आले.

कार्यक्रमाला यांचे एक सहकारी शिक्षक आले होते. ते म्हणाले, "शाई आरपार गेली असंल, तुम्ही मागची बाजू बघायलात." मी सरळ आणि उलटा, दोन्ही कागद शेजारी ठेवले. तसं असतं तर बगळाही फिरला असता. तो मात्र दोन्ही कागदांवर डावीकडेच बघत होता. त्या शिक्षकांनी चष्मा पुसला आणि आणखी एक चहा मागितला.

"दादानं चूक सुधारली, पण एकाच कागदावर," ताई म्हणाल्या. "लय आळशी, लहानपणापासून!"

कारण मला आजही सापडलेलं नाही. सगळे गेल्यावर तो कागद समोर धरून मी माफी मागायला बसले. आधी कविता मोठ्यानं वाचली... आणि तिसऱ्या ओळीला मला पुन्हा हसू फुटलं.