अस्तरातली बटणं

"कोटच होता ना, वन्सं? का त्याच्या अस्तरात सोनं शिवलं होतं?"

भावजय न्हाणीत नव्या निळ्या बादलीत पाणी सोडत होती. बादली काल वखारीत जुन्या कपड्यांवर मिळाली, हे तिचं सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. तिची नणंद, सगळ्या गल्लीची शिवणवाली ताई, दारात उभी होती. हातात रिकामा हँगर.

"मला विचारायचंस तरी."

"विचारायचं काय त्यात? पळून गेलेल्या नवऱ्याचा कोट. इतकी वर्षं खुंटीला लटकला होता. त्याला यायचं असतं तर थंडी वाजली म्हणून तरी आला असता."

भाऊ आरशासमोर दाढी करत होता. फेसातल्या फेसात हसला. "सोड ना ताई. फाटक्या कोटावर बादली मिळाली, वर झाकण मिळालं. सौदा वाईट नाही."

"त्यात माझी बटणं होती."

"शिंपिणीच्या घरात बटणांना काय तोटा," भावजय म्हणाली आणि नळ बंद केला.

बटणं कसली ते तिघांनाही ठाऊक होतं.

नवरा गेल्यावर भावानं ताईला घरी आणलं. "बहिणीला ठेवली," असं तो पाहुण्यांना सांगे, जसं कुणी जुनं कपाट ठेवलं म्हणून सांगावं. तिचं मशीन मधल्या खोलीत, आईच्या पलंगाला खेटून. आईचं अंग लुळं पडलेलं. एक पाय पायट्यावर, एक कान आईकडे, असं ताईचं शिवण चाले. गणवेशांचे गुडघे, पँटींच्या चेन, बाळंतिणींच्या पोलक्यांची उसवाउसव. शिलाईचे पैसे भावाच्या हातात जात. तिला मशीनच्या मागं गादी टाकायला जागा होती.

अशात एक निवृत्त चित्रकला मास्तर तिच्याकडे सदऱ्याची कॉलर उलटून घ्यायला आले आणि तिला 'आपलं आपण' मंडळात घेऊन गेले. शाळेच्या रिकाम्या वर्गात दर रविवारी बैठक. पैशाशिवाय एकमेकांची कामं करायची, एवढाच विचार. बंद पडलेल्या कोटाच्या कारखान्यातून मास्तरांनी तपकिरी बटणांचं पोतं आणलं होतं. तापल्या खिळ्यानं एकेका बटणावर त्यांनी खूण डागली होती. एक तास काम, एक बटण. गवंड्याचा तास, न्हाव्याचा तास, झाडूवालीचा तास, सगळे सारखे. एक डॉक्टरही आले होते. दुसऱ्या बैठकीला त्यांना आपल्या तासाचा भाव कळला, मग ते आले नाहीत.

वही ठेवायची नाही, असं मास्तरांचं म्हणणं. ज्याच्या हातात बटण, त्याचा तास. घरच्या माणसाचं केलेलं मात्र धरायचं नाही.

"म्हणजे आईचं मी करते ते?" ताईनं विचारलं होतं.

"ते कर्तव्य," मास्तर म्हणाले.

तरी ताईला मंडळ आवडलं. आपल्या तासाला खूण असते, तो हातात धरता येतो, हेच तिला नवं होतं. मंडळातल्या म्हाताऱ्या सुईणबाईंच्या गोठ्यावर एक खोली पडून होती, छप्पर बसलेली. "नीट करून घे आणि राहा. मी मेल्यावरही राहा," त्या म्हणाल्या. गवंडी आणि सुतार यांनी मिळून त्यांचे तास सांगितले. ताई बटणं साठवायला लागली.

ठेवायची कुठं? डबे कुणीही उघडतं. भावजय तर ताईची उशीसुद्धा उसवून बघायची. पण कोटाला बटणं असली तर कोण मोजणार? ताईनं नवऱ्याच्या कोटाचं अस्तर उसवलं आणि आतल्या बाजूनं रांगेत बटणं टाचली, पक्क्या दोऱ्यानं, एकेक. कोट जड होत गेला. गेल्या आठवड्यात शेवटची रांग पुरी झाली होती.

"बटणांचं तुला सांगितलं कोणी?" ताईनं विचारलं.

भावजयीनं बादली उचलली. "पलंगावर विचारा."

मधल्या खोलीत आई डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती; झोपेत तिचं तोंड उघडं असे.

"आई."

"मीच सांगितलं," आई म्हणाली. "रोज माझ्या डोळ्यांदेखत शिवत होतीस. आंधळी नाही मी." मग थोड्या वेळानं, "तू गेलीस तर मला कूस कोण बदलणार? ती?"

ताईनं तिला उजवीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली आणि चपला घातल्या.

जुन्या कपड्यांची वखार बाजाराच्या टोकाला. वखारवाला गठ्ठ्यावर बसून चहा पीत होता. कोट त्याला आठवला. "वजनदार माल होता. सकाळच्या ट्रकनं गेला. तिकडे बटणं कापतात आणि कापडाच्या चिंध्या करतात." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "माणूस वारला का?"

"नाही," ताई म्हणाली.

रविवारी तिनं बैठकीत सगळं सांगितलं. उभं राहून, साध्या आवाजात. तिचे तास कुणाकुणाकडे झाले ते वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. अर्ध्यांच्या अंगावर तिची शिलाई होती.

मास्तरांनी चष्मा पुसला. "कुणाला काही बोलायचंय?"

मागच्या बाकावरून धारवाला उठला. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा हा म्हातारा. मागच्या वर्षी त्याची बटणं फाटक्या खिशातून रस्त्यात सांडली होती. बायको इस्पितळात होती आणि तिच्याजवळ पाळीपाळीनं कुणी बसावं म्हणून त्यानं ती साठवली होती. तेव्हा सगळे गप्प होते. बोलली होती ती ताई. "खिसा फाटका होता तर शिवून घ्यायचा होता. हरवलं ते हरवलं. आज यांना भरून दिली तर उद्या सगळ्यांचेच खिसे फाटतील." लोक हसले होते. नियम तिथंच पक्का झाला. धारवाला बायकोपाशी एकटाच बसला आणि त्याला डुलकी लागली तेव्हा ती गेली.

"बाईंनीच केलाय नियम," धारवाला आता म्हणाला. "चांगला नियम आहे. माझा पाठ आहे." त्यानं घसा साफ केला. "आज यांना भरून दिली, तर उद्या सगळ्यांचेच कोट वखारीत जातील."

लोक हसले. तेवढंच हसले, मागच्या वेळेइतकंच.

ताईच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं तेव्हा एकट्या झाडूवालीचा हात वर गेला, आणि इकडेतिकडे बघून तोही खाली आला. गवंडी बुटाची नाडी बांधत होता.

बाहेर पडताना सुईणबाईंनी तिला गाठलं. "वाईट झालं. पण माझ्याकडे दुसरी एक बाई विचारून गेलीय. ती छप्पर पैशानं घालते म्हणते. तू आधीची म्हणून उद्यापर्यंत थांबते. पुढं नाही थांबणार."

"छपराशिवाय आले तर?"

"तर ओली होशील," सुईणबाई म्हणाल्या. "अडवणार नाही मी."

घरी सगळे जेवायला बसले होते. ताईनं हात धुतले, वाढून घेतलं नाही. आईला डावीकडे वळवलं, तोंड पुसलं, चादर खोचली. मग मशीनवर लाकडी झाकण ठेवलं आणि कड्या लावल्या. तो आवाज ऐकून भाऊ वळला.

"काय म्हणाले मंडळवाले? दिली का बटणं?"

"नाही."

"मग झालं तर," भावजय म्हणाली. "बसा आता, वन्सं. गार होतंय."

"मी उद्या सकाळी सुईणबाईंकडे राहायला जाते."

भावाचा घास हातातच राहिला. "तिथं छप्पर कुठंय?"

"नाहीय."

"वेड लागलंय का? आणि आईचं?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. भावजयीला म्हणाली, "आईचा उजवा खांदा दुखतो, त्या कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही. कण्हायला लागल्यावर उठलीस तर उशीर झालेला असतो, त्याआधी उठायचं. अंग पुसताना ती बादली अर्धीच भर. पूर्ण भरली की उचलत नाही."

पलंगावरून आई म्हणाली, "बये, मला सोडून जातेस?"

"मशीन नेते," ताई भावजयीलाच म्हणाली. "पलंगाशेजारी जागा होईल. तिथं तू झोप."