ओढलेलं बोट

रोह्याच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. नोकरी सोडली, मुलींच्या कबड्डीसाठी संस्था काढली आणि पेणच्या खाडीकाठची गावं पालथी घालायला लागले. केवढी मिजास होती मला! दारात उभी राहून आयांना माझी दोन वाकडी बोटं दाखवायची आणि म्हणायची, "ही बघा माझी पदकं."

वडखळजवळच्या एका आईने ती बोटं हातात धरून नीट निरखली. चढाईला तिच्या मुलीसारखी दुसरी पोर आमच्याकडे नव्हती. पण तीच पोर शाळा सुटली की गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. रेघ जरा हलली तर देव रागावलेला दिसतो, इतकं नाजूक ते काम. मिठागर बंद पडल्यापासून घर त्या हातावरच चाललं होतं.

"बाय, हिचं बोट असं झालं तं आखणीला तुमी बसाल काय?" आईने विचारलं.

"काही होत नाही. मी आहे ना," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

दिवाळीनंतर रोह्याला जिल्हा संघाची निवड होती. पहिल्याच सामन्यात, पकडीत, पोरीच्या उजव्या हाताचं बोट दुखावलं. हात छातीशी धरून ती माझ्याकडे आली. "बाई, बघा ना, वळतच नाय."

आमच्या खेळात बोट दुखावलं की ओढायचं, शेजारच्या बोटाला पट्टीने बांधायचं आणि पुन्हा आत जायचं. मला कबड्डी शिकवणाऱ्या बाईंनी माझं ओढलं होतं. मी तिचं ओढलं. कट्कन आवाज आला. पोर पांढरीफटक पडली.

"बसलं बघ जागेवर. जा आता, निवडीचा प्रश्न आहे."

ती गेली. वर दोन गुणही घेऊन आली. आणि मी गाढव टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी पेणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "मोडलेलं बोट ओढलं कुणी? सांधा गेलाय." आई शेजारीच उभी होती. मी काही बोलायच्या आत पोर म्हणाली, "कुणी नाय, मी पडले." आईला नंतर सांगू, असं मनाशी म्हटलं. नंतर म्हणजे कधी, ते मात्र ठरवलं नाही.

निवडीच्या यादीत तिचं नाव लागलं. हात प्लास्टरमध्ये होता, संघ तिच्याशिवाय गेला. बोट जुळलं ते वाकडंच, अगदी माझ्यासारखं. आता ती कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारते, आखणी दुसरी मुलगी करते. त्या गावातल्या आयांनी पोरी पाठवणं बंद केलं. मी तरी कुठल्या तोंडाने बोलावू? रोह्याकडे दोन गावांत सराव अजून चालतो. पण कुणी बोट धरून बाहेर आली की मी तिला सरळ घरी पाठवते. बाई आता खेळूच देत नाहीत, असं पोरी म्हणतात. खरंच आहे ते. संस्था कशाला चालवते आहे, माझं मलाच कळत नाही.

गेल्या वर्षी मूर्ती आणायला त्याच कारखान्यात गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. पोर खाली बसून एका मूर्तीची पाठ घासत होती. आईही आता तिथेच कामाला होती; तिने माझी मूर्ती बाजूला काढून ठेवली होती.

"डोळे हिच्या हातचे नायत हां, बाय." मग तिने माझा हात धरला. "पण तुमच्यावर राग नाय गो. पोर पडली, त्याला तुमी काय करणार? तुमी व्हतात म्हणून दवाखान्यात तरी नेलंत."

पोरीचा हात थांबला. ती वर बघून माझ्याकडे पाहत राहिली. वाट बघत होती ती, मला कळत होतं.

मी मूर्ती उचलली. "येते मी," म्हटलं. दारातून बाहेर पडले तेव्हा मागे पुन्हा घासण्याचा आवाज सुरू झाला होता.