दिवे घालवणारं मशीन

"म्हणजे दिवे मी मुद्दाम घालवते का?" सासूने तोंडातली शेवटची टाचणी काढून विचारलं. टाचण्या तोंडात असेपर्यंत तिला भांडता येत नसे. घरातले तेवढ्यात बोलून घेत.

"मुद्दाम नाही हो आई. पण तुमची मोटर सुरू असते आणि माझा कॉम्प्युटर बंद पडतो. आज साहेब बोलत असताना पडला!" सून म्हणाली.

"विकून टाक ना ते मशीन," मुलगा बूट चढवत म्हणाला. "पुरे झालं आता शिवणकाम. आराम कर." आणि तणतणत, दार आपटून तो कामावर गेला.

दिवे गेले, लगेच आले.

"बघा!"

"काय बघा? माझा पाय पेडलवर नाही, जमिनीवर आहे."

गल्लीत तिला टाचणीबाई म्हणत. कोणाची कंबर सुटली, कोणाचं पोर ताडमाड वाढलं, हे घरच्यांच्या आधी तिला कळे. मशीन गेलं असतं तर खिडकीत नुसती एक म्हातारी उरली असती.

कपड्याचं फिटिंग बिघडलं की ती एकेक शिवण उसवून बघे. तसंच तिने आता केलं. मशीनचा प्लग काढला. सून तणतणत कचरा टाकून आली, तेवढ्यात तरीही दिवे गेले. इस्त्रीचा काढला, मग फ्रिजचा. "आई, दूध नासेल!" सून ओरडली आणि रागारागाने नवं दूध आणायला निघाली. दार धाडकन लागलं. दिवे पुन्हा गेले.

सासू उठली. दार हळूच लावलं, काही नाही. जोरात आपटलं, अंधार. पुन्हा आपटलं. चौकटीला लागूनच मीटरची पेटी होती, आतला मेन स्विच खडखडत होता.

शेजारीण धावत आली. "कोणावर एवढं रागावलात?"

"कोणावर नाही. मजेत आहे," म्हणत तिने आणखी एकदा आपटून खात्री करून घेतली. आपल्या घरात रागावलेला माणूस कधी हळू बाहेर पडलेला तिला आठवेना. दार आपटणाऱ्यांत पहिलं नाव तिचं स्वतःचंच होतं. तिला हसू आवरेना.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "मेन स्विच सैल झालाय. उद्या वायरमन येतोय. तोवर रागावून जायचं असेल त्याने दार उघडं टाकून जावं. मशीन जागचं हलणार नाही."