घाबरटाने निवडलेलं यंत्र

माझ्या नवऱ्याइतका घाबरट माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडणार नाही, हे मी सव्वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. कौतुकाने नव्हे, चिडून. ह्यांचं नाव कडुबा हिवराळे. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईने मुद्दाम असं कडू नाव ठेवलं, कुणाची नजर लागू नये म्हणून. म्हणजे हे जन्माला यायच्या आधीच घरात भीती येऊन बसलेली. ह्यांना लिफ्टची भीती, विजेची भीती, कुकरच्या शिट्टीची भीती. क्रांती चौकातल्या उड्डाणपुलावर हे स्कूटर अगदी मधोमध चालवणार आणि मागच्यांच्या शिव्या खाणार. भीती वाटली की ह्यांच्या तळहाताला घाम फुटतो, तोही थोडाथोडका नाही. रेशनच्या दुकानातलं मशीन ह्यांचा अंगठा घेत नाही. मग रांग खोळंबते, आणि रांग खोळंबली म्हणून ह्यांना आणखी घाम येतो.

मी एसटीत कंडक्टर. सोयगावच्या गाडीवर बारा वर्षं काढली. दारू पिऊन बायकांना त्रास देणाऱ्या माणसाला भर घाटात खाली उतरवलंय मी. मला भीती ठाऊक नाही, असं मी म्हणायचे. आमची तनुजा माझ्यावर गेली, असंही म्हणायचे, आणि ह्यांच्या देखत म्हणायचे.

हे पैठण गेटजवळच्या गल्लीत मोबाईल दुरुस्त करतात. उघडलेला फोन समोर असला की हा माणूस वेगळा. मांडीवर टॉवेल, डोळ्यावर भिंग, आणि जगाचा विसर. तेवढाच वेळ ह्यांना कशाची भीती वाटत नाही.

तनुजा इंजिनिअर झाली, शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "मी ग्लायडर शिकतेय." करमाडच्या पुढे माळावर काही हौशी लोकांनी क्लब काढला होता. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. धावपट्टीच्या टोकाला एक यंत्र दोर गुंडाळत जातं, त्या ओढीने ते वर चढतं आणि मग दोर सोडून देतात. पुढे तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा सापडेल तशी सापडेल, नाहीतर खाली यायचं. ह्यांचा घास हातातच राहिला. मी मात्र पोरीच्या पाठीवर थाप मारली.

वर्षभर ती शिकली. ह्या एप्रिलमध्ये तिला एकटीने लांबचं उड्डाण करायचं होतं, माळावरून सिल्लोडपर्यंत आणि परत. समोर लावायला नकाशा दाखवणारं यंत्र ज्याने त्याने आपापलं आणायचं, असा तिथला नियम. ते नुसता रस्ता दाखवत नाही. आपण किती उंच आहोत, एवढ्या उंचीवरून घरी पोचू की नाही, चिकलठाण्याच्या विमानतळाची हद्द कुठे लागते, हे सगळं त्यावर कळतं. मागच्या उन्हाळ्यात एका पोराचा फोन वर तापून बंद पडला होता. त्याला दिशा कळेना, उंची संपली आणि तो मोसंबीच्या बागेत उतरला. पंख तुटला. पोरगा वाचला तो नशिबाने.

"पप्पा, तुम्हीच निवडून द्या," तनुजा म्हणाली.

त्या रात्रीपासून ह्यांची झोप उडाली. दुकानातून, मित्रांकडून मागून हे सात यंत्रं घरी घेऊन आले. फोन, टॅबलेट, जुनी, नवी, सगळी. भर दुपारी गच्चीवर पत्रा टाकून त्यावर ओळीने मांडून ठेवली. शेजारच्या आशाबाई कठड्यावरून डोकावून म्हणाल्या, "सुलेखाताई, कुरडया घातल्या का?" ह्यांनी मान वर केली नाही. दर दहा मिनिटांनी प्रत्येकाचा नकाशा हलवून बघायचे आणि वहीत लिहायचे. चार यंत्रं तापून बंद पडली. एकाचा पडदा उन्हात आरशासारखा झाला, त्यात ह्यांना फक्त स्वतःचंच तोंड दिसायला लागलं! शेवटी दोन उरली.

एक नवाकोरा टॅबलेट होता, रंगीत, झगझगीत, बोट टेकायचा अवकाश की नकाशा सरकतो. दुसरं म्हणजे पुस्तकं वाचायचं एक जुनं यंत्र. करडा पडदा, रंगाचा पत्ता नाही, पण ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठळक. त्याच्या पाठीला ह्यांनी काडेपेटीएवढं जीपीएस वायरने जोडलं आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. दिसायला अगदी भंगारातलं.

"हे कोण नेणार?" तनुजा हसली. माळावर नेऊन दाखवलं तर क्लबचे विश्वजीत सर, हवाई दलातून निवृत्त झालेले, तेसुद्धा टॅबलेटच चांगला म्हणाले. त्यांनी हाताळून पाहिला, मी पाहिला, कुठेच खोट निघाली नाही.

हे मात्र टॅबलेट उलटापालटा करून बघत होते. मग म्हणाले, "सर, इथं जमिनीवर कुणालाच भीती वाटत नाय. भ्यालेल्या माणसाच्या हातात हे कसं चालतंय ते कुठं बघितलंय आपण?"

"मग कसं बघणार?"

"मला वर न्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बँकेत दुसऱ्या मजल्यावर जिन्याने जाणारा हा माणूस. सरांनी दोघांच्या ग्लायडरमध्ये ह्यांना पुढे बसवलं, दोन्ही यंत्रं समोर लावली, पट्टे आवळले. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. काचेचं झाकण लावताना हे माझ्याकडे बघून काहीतरी बोलले, पण ऐकू आलं नाही. दोर ताणला गेला आणि ते विमान असं उभं चढलं की मी डोळेच मिटून घेतले. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी माझा चेहरा पाहिला तर नाही ना म्हणून.

वीस मिनिटांनी खाली आले ते आधी गवतात ओकले. मग तोंड न धुताच सांगायला लागले. टॅबलेट वेडा झाला होता. घामाचं बोट लागलं की नकाशा नको तिकडे पळायचा. घामाचा थेंब काचेवर पडला आणि करमाडच्या जागी समुद्र दिसायला लागला. पुसावा तर पुसण्यानेच आणखी चार ठिकाणी हात लागायचा. जुन्या यंत्राला मात्र काही फरक पडला नाही. त्याच्या चौकटीच्या आतून डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या रेघा जातात. ओलं बोट असो, नख असो, पेनचं टोक असो, मध्ये आलं की त्याला कळतं.

"हेच न्यायचं," हे म्हणाले. आवाज कापत होता, पण एवढ्या ठामपणे बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगते. उड्डाणाच्या सकाळी तनुजा स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आई, ते डबडं लावलं ना, तर क्लबातली पोरं हसतील मला. मला कशाला घाम फुटतोय? मी काय पप्पांसारखी आहे का?"

मी म्हटलं, "टॅबलेट घे. ह्यांच्याकडं मी बघते."

एवढंच बोलले मी. दोन वाक्यं. टॅबलेट तिच्या पिशवीत टाकला आणि ते करडं यंत्र माझ्या पर्समध्ये. ह्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. ग्लायडर वर जाताना बघवत नाही म्हणून हे माळावरच्या शेडच्या मागे तोंड फिरवून उभे राहणार, हे मला ठाऊक होतं. तसेच उभे राहिले. तनुजाने हात हलवला आणि ती गेली.

पहिला तास बरा गेला. शेडमधल्या रेडिओवर तिचा आवाज यायचा. "सिल्लोड दिसतंय सर." "वळले सर." मी सरांच्या थर्मासमधला चहा घेतला. मग दुपारी दीडच्या सुमाराला आवाज आला तो बदललेला होता. वारा वाढला होता, वर नेणारी हवा सापडत नव्हती, उंची उतरत चालली होती. सर तिला शांतपणे सांगत होते. मग ती म्हणाली, "सर, नकाशा थांबत नाहीये. मी कुठं आहे ते मला..." आणि पुढे नुसती खरखर.

सरांनी दोनदा, तीनदा हाक मारली. उत्तर नाही.

"खाली आली असेल तर रेडिओ पोचत नाही," सर म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळले. "नकाशा थांबत नाही म्हणजे काय? यंत्र कोणतं लावलंय?"

"माझं," हे म्हणाले. "सर, ते पळायचं नाय. मी वर जाऊन बघितलंय ना. वाऱ्यानं वायर हलली असंल. येईल परत."

आणि हे शांत होते. हेच! सगळ्या शेडमध्ये हा एकटा माणूस शांत होता. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी कशावर तरी विश्वास टाकला होता, आणि ती वस्तू माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती.

मी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. मोसंबीची बाग, तुटलेला पंख, आणि त्यात त्या पोराच्या जागी माझी पोरगी, असं एकामागून एक डोळ्यांसमोर यायला लागलं. कानात नुसती खरखर. मी भ्याले होते. घाटात गाडीचा ब्रेक लागला नव्हता तेव्हासुद्धा मी अशी भ्याले नव्हते. आणि ह्या भीतीतही एक लाज होती, की सांगितलं तर हे काय म्हणतील. पोरगी हवेत वाट चुकलेली आणि मी स्वतःची लाज झाकत बसलेली! पाच मिनिटं बसले मी तशी. आजही त्या पाच मिनिटांचा मला राग येतो.

मग मी पर्स उघडली आणि यंत्र टेबलावर ठेवलं.

"तिच्याकडं टॅबलेट आहे," मी म्हटलं. "मीच दिला."

ह्यांनी यंत्राकडे बघितलं. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, ते दाबून बसवलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. हे खाली जमिनीवर बसले आणि दोन्ही हात पँटीला पुसत राहिले, पुसतच राहिले.

सरांनी लगेच रेडिओ उचलला. ती ऐकत असो वा नसो, ते बोलत राहिले. "तनुजा, पडदा बंद कर. बाहेर बघ. सूर्य कुठे आहे बघ. नांगरलेलं मोकळं शेत शोध, विजेच्या तारा टाळ, वाऱ्याकडे तोंड करून उतर." तेच तेच, पुन्हा पुन्हा. पलीकडून काहीच येत नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळलं.

चाळीस मिनिटांनी सरांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. सरांनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "उतरली. धड आहे." फुलंब्रीच्या पुढे एका शेतात, कपाशी उपटून नांगरून ठेवलेल्या. शेतकऱ्याच्या फोनवरून बोलत होती.

जीपला मागे ग्लायडरची लांब गाडी जोडून आम्ही निघालो. सर चालवत होते, हे पुढे, मी मागे. फुलंब्री येईपर्यंत तासभर गेला. शेवटी मीच म्हटलं, "अहो, चुकलं माझं."

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वर न्या म्हणलो ना, ते तिच्यासाठी म्हणलो होतो. मला काय हौस आली होती का."

बास. एवढंच बोलले. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या.

शेतात पंचवीस-तीस माणसं गोळा झाली होती. ग्लायडर ढेकळांत एका पंखावर कलून उभं होतं. बाभळीखाली तनुजा बसली होती, कुणीतरी दिलेला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून. आमची जीप बघून ती उठली. मी दार उघडून पळतच सुटले. हे मागून येत होते, ढेकळांत पाय मुरगळेल म्हणून जपून, एकेक पाऊल टाकत.

मी हात पसरले. तनुजा माझ्या बाजूने पुढे गेली. तिने मला टाळलं नाही, मुद्दाम काही केलं नाही. तिने मला पाहिलंच नसावं. ती सरळ ह्यांच्याकडे गेली आणि ह्यांच्या छातीवर डोकं ठेवून लहानपणीसुद्धा रडली नव्हती तशी रडली.

"पप्पा, लई भ्याले मी. लई म्हणजे लई."

"व्हय ना?" हे म्हणाले. "बस. बस इथं."

दोघं तिथेच ढेकळांत बसली. ह्यांनी तिला उगी उगी म्हटलं नाही, आता काही नाही, संपलं, असंही म्हटलं नाही. मी असते तर तेच म्हटलं असतं. हे म्हणाले, "सांग मला. पहिल्यांदा कुठं भीती वाटली? पोटात आली का हातात?" आणि ती सांगायला लागली. हात कसे थरथरले, डोळ्यांपुढे कसं अंधारलं, ओठ कसे बधिर झाले. हे मधेच विचारायचे, "मग पुढं?" वाटेच्या खाणाखुणा पटाव्यात तशी ह्यांची मान हलत होती. ती ज्या ठिकाणाहून आली होती तिथे ह्यांचा जन्म गेला होता. मला त्यातलं काही विचारता आलं नसतं.

सर आणि गावातली माणसं गाडीत घालण्यासाठी ग्लायडरचे पंख सुटे करायला लागली होती. कुणीतरी मला म्हणालं, "ताई, जरा हे धरा." मी पंखाचं टोक धरलं आणि तिथूनच त्या दोघांकडे बघत उभी राहिले.